कमाई मोजा, पण खर्च वजा करून

मा. विशेष सहाय्य मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



दिव्यांगांचे अनुदान महिन्याला १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला आणि तो ऑक्टोबरपासून लागू झाला. या हजार रुपयांची वाट पाहणारी पेण आणि रोहा तालुक्यांतली घरे मला माहीत आहेत. औषधाच्या दुकानातली उधारी कुठे थांबली, कुठे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या फेरीसाठी शेजाऱ्याकडे हात पसरण्याची वेळ टळली. त्याबद्दल आधी मनापासून आभार. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले तो प्रश्न. मी निवृत्त शिक्षक आहे. दोन्ही तालुक्यांतल्या दिव्यांगांना अर्ज भरून देणे, दाखल्यांसाठी सोबत जाणे एवढे काम जमेल तसे करतो. अनुदान वाढले त्याच सुमारास लोक मला एक गोष्ट वारंवार विचारू लागले: "सर, मोबाइलवरून थोडेफार विकते. पैसे खात्यात येतात. माझा पगार बंद होईल का?"

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशाला आमच्याकडे घरोघरी 'पगार'च म्हणतात. तो बंद होण्याची भीती किती खोल असते, हे ज्या घरात तेवढीच एक ठरलेली रक्कम येते तिथेच कळते. आणि या प्रश्नाला मी आजवर एकालाही ठाम उत्तर देऊ शकलेलो नाही. ते उत्तर आपल्या विभागाने लेखी द्यावे, अशी माझी विनंती आहे.

योजनेचे नियम आपल्याला मी सांगायला नकोत, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. योजना १९८० पासूनची. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र, महाराष्ट्रातले १५ वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असणे, या तिच्या मुख्य अटी. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० रुपये, तर दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये, आणि तेही एकट्या दिव्यांग माणसाचे नव्हे, सगळ्या घराचे मिळून. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या दोन माणसांनी प्रत्येकी शंभर दिवस रोजगार हमीवर काम केले तर ६२,४०० रुपये होतात. सरकारनेच दिलेल्या कामाची सरकारनेच ठरवलेली मजुरी त्या घराला सरकारच्याच मर्यादेबाहेर नेते.

मर्यादा कमी आहे हा जुना प्रश्न. पण गेल्या काही वर्षांत मोबाइल आला, यूपीआय आले, मीशो, ॲमेझॉन, व्हॉट्सॲपवरची दुकाने आली आणि या जुन्या प्रश्नाला नवे रूप आले. जी माणसे घराबाहेर पडू शकत नव्हती, त्यांना घरबसल्या गिऱ्हाईक मिळू लागले. एसटीची पायरी चढता न येणाऱ्या माणसाचा माल पुण्याला पोहोचू लागला. आमच्या भागात विकण्यासारखे काही कमी नाही. पेण म्हटले की गणपती आठवतात. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत बारा महिने कारखाने चालतात. गावात शिरले की पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने उभ्या कच्च्या मूर्ती दिसतात. पेणचे पापड, मिरगुंडे, कुरडया मुंबई-ठाण्यापर्यंत नावाजलेल्या. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठच्या गावांत बायका वाळवणे करतात, कोकम आगळ काढतात, लोकरीची तोरणे विणतात. पूर्वी हा माल दिवा-रोहा गाडीत बसून कुणीतरी डोंबिवली-ठाण्याला नेऊन विकायचे, आणि त्या गाडीत ज्याला चढता येत नव्हते त्याच्या वाट्याला फक्त लाटायचे किंवा निवडायचे काम यायचे. आता तोच माणूस फोटो काढतो, भाव सांगतो, ऑर्डर घेतो. माझ्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. एखाद्या अनुदानाने जी प्रतिष्ठा देता आली नसती ती या छोट्या विक्रीने दिली आहे.

या बदलाची दुसरी बाजू मात्र अशी की ही विक्री नोंद ठेवते. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची कमाई कुणाला कळत नाही. ऑनलाइन विकणाऱ्या मुलीची प्रत्येक ऑर्डर खात्यावर उमटते. त्यात अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने आधार जोडलेल्या खात्यात येते. गरीब घरात बहुधा एकाच्या नावावर एकच खाते असते आणि फोनपे किंवा गुगल पेही त्यालाच जोडलेले. त्यामुळे एकाच पासबुकात वर अनुदानाचे २,५०० आणि खाली पापडाचे १८०, तोरणाचे ३५०, मूर्तीचे १,२०० अशा रांगा दिसतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौकशी होते, गावात कुणीतरी तक्रार करते, किंवा हयातीच्या दाखल्याच्या वेळी पासबुक पुढे करावे लागते, तेव्हा बघणाऱ्याच्या नजरेत त्या रांगांची बेरीज भरते. त्या बेरजेतून काय काय वजा व्हायला हवे, ते पासबुकात दिसत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. नाव-गाव देत नाही. पेण तालुक्यातल्या एका वाडीतली ही बाई. दोन्ही पाय लहानपणीच्या पोलिओने गेलेले, शिक्षण दहावी, हिशोबाला चोख. वाडीतल्या सात-आठ बायका उन्हाळ्यात पापड, फेण्या, कुरडया करतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींकडे साधा फोन. म्हणून ऑर्डर घ्यायचे काम हिच्याकडे आले. फोटो ही काढते, गिऱ्हाइकाशी बोलते, कुरिअरचे पाकीट भरून चिठ्ठी चिकटवते. पैसे तिच्या क्यूआर कोडवर येतात. मग ती ज्या बाईचा जितका माल गेला तितके पैसे तिला रोख देते आणि किलोमागे ठरलेली छोटी रक्कम स्वतःला ठेवते. मार्च ते मे या हंगामात तिच्या खात्यातून लाख-सव्वा लाख रुपये येऊन जातात. उडदाचे पीठ, पापडखार, तेल, पिशव्या, कुरिअर आणि बायकांची मेहनत वजा केली, तर त्यातले तिचे स्वतःचे दहा-बारा हजार. तिने मला वही दाखवली. तारीखवार, नाववार, वजनानुसार सगळे लिहिलेले, मोठ्या दुकानदाराने लाजावे अशी वही.

जिल्ह्यातल्या एका कार्यालयात तिला पासबुक मागितले गेले तेव्हा ही वही तिने पुढे केली. वहीवर कुणाची सही नाही, शिक्का नाही, म्हणून ती बाजूला राहिली. समोरचा कर्मचारी वाईट वागला असे ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्याच्यासमोर नियम एवढाच होता की उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवे, आणि समोर कागद होता तो लाखाचा. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जांत 'व्यवसाय' असा रकाना असतो, पण त्यात विकलेल्या मालाची रक्कम लिहायची की खर्च जाऊन उरलेली, हे समजावलेले नसते. खाली मात्र स्वयंघोषणा असते की माहिती खोटी निघाली तर खटला भरला जाईल. ते वाक्य वाचून तिचा हात थांबला. त्या हंगामानंतर तिने ऑर्डर घेणे सोडले. तिचे अनुदान चालू आहे. वाडीतल्या सात-आठ घरांची विक्री मात्र बंद पडली, कारण तिच्याएवढे नेटके काम करणारे दुसरे कुणी नव्हते.

महोदय, तिने कोणताही गैरप्रकार केला नव्हता. तिने फक्त नीट हिशोब ठेवला होता आणि पैसे उघडपणे घेतले होते. तिच्याऐवजी कुणी भावाच्या खात्यावर पैसे मागवले असते, तर काहीच प्रश्न आला नसता. तसे करणारेही आहेत. रोह्याजवळच्या एका गावातला तरुण लोकरीची तोरणे आणि कागदी दिवे विकतो. अपघातात मणक्याला मार बसल्यापासून तो व्हीलचेअरवर आहे. त्याचे सगळे पैसे चुलतभावाच्या खात्यावर जातात आणि चुलतभाऊ त्याला देईल ते तो घेतो. किती आले हे विचारायची सोय नाही, कारण उद्या चुलतभावाने 'मग तूच घे तुझ्या खात्यावर' म्हटले तर पगार जाईल. दिव्यांग माणूस घरच्यांवर कमी अवलंबून राहावा म्हणून ही योजना आहे, आणि तिची भीतीच त्याला घरच्यांच्या हाती देते आहे. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही आहे.

आता आकड्यांचा एक हिशोब आपल्यापुढे ठेवतो. समजा, रोह्यातल्या एका घरात आई आणि दिव्यांग मुलगी राहतात. आई धुण्याभांड्याची कामे करून महिन्याला २,००० रुपये मिळवते, वर्षाला २४,०००. मुलीला वर्षाला ३०,००० अनुदान. घरात एकूण ५४,००० येतात. आता मुलीने ऑनलाइन विक्री सुरू केली आणि सगळा खर्च जाऊन तिला महिन्याला ३,००० उरू लागले, वर्षाला ३६,०००. कुटुंबाचे उत्पन्न झाले ६०,०००. मर्यादा ओलांडली, अनुदान बंद. आता घरात एकूण येतात ६०,०००. वर्षभर दिवसरात्र काम करून घरात आधीपेक्षा फक्त ६,००० रुपये जास्त आले, महिन्याला ५००. आणि एखाद्या महिन्यात विक्री पडली, हात दुखावला, पावसाळ्यात पापड वाळला नाही, तर आधीपेक्षाही कमी. असा धोका कोणतीही शहाणी आई मुलीला घेऊ देणार नाही. एवढे असूनही लोक काम करू पाहतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते आणि अभिमानही.

शिवाय अपंगत्वाचा खर्च या हिशोबात कुठेच नाही. इतरांना न लागणारा रिक्षाखर्च, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, कॅथेटर, डायपर, श्रवणयंत्राची बॅटरी, कुबडीचे झिजलेले रबर. पेणहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर वडखळमार्गे तीसेक किलोमीटर. धडधाकट माणूस एसटीने जातो, दिव्यांगाला रिक्षा किंवा गाडी ठरवावी लागते. कमाई सुरू झाली म्हणून हा खर्च कमी होत नाही. उलट काम करायचे तर तो वाढतो.

गणपतीच्या कारखान्यांचेही थोडे सांगायला हवे, कारण तिथे वेगळीच अडचण आहे. आमच्याकडे ऐकू-बोलू न शकणारे काही अतिशय चांगले रंगारी आहेत. डोळ्यांची आखणी हे मूर्तीकामातले सर्वांत नाजूक काम. त्याला स्थिर हात लागतो आणि मन एकाग्र लागते. यांतले काही तरुण आता शाडूच्या छोट्या मूर्ती स्वतः करून थेट गिऱ्हाइकाला पाठवतात. त्यांचे सगळे उत्पन्न माघी गणपतीच्या आधी आणि मग आषाढ-श्रावणात येते. वर्षातले बाकीचे महिने माती, रंग आणि साचे यांवर पैसा बाहेर जातो. ऑगस्ट महिन्याचे पासबुक पाहिले तर हा माणूस सधन वाटेल, डिसेंबरचे पाहिले तर कर्जबाजारी. त्यात कुरिअरमध्ये फुटलेल्या मूर्तीचे पैसे परत करावे लागतात. पासबुकात आलेली रक्कम दिसते, परत गेलेलीही दिसते, पण आलेल्याचीच बेरीज केली तर फुटलेल्या मूर्तीचेही उत्पन्न धरले जाते.

खात्यात जमा झालेली रक्कम आणि माणसाची कमाई यांतला फरक सरकारला माहीत नाही, असे नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात कलम ४४ एडी होते. छोट्या व्यापाऱ्याने हिशोबाच्या वह्या ठेवल्या नसल्या, तरी त्याच्या विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के रक्कम नफा धरण्याची सोय त्यात केली होती. म्हणजे कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्याला सरकार म्हणत होते की तुझ्या डिजिटल विक्रीतल्या शंभर रुपयांत सहा रुपये तुझे उत्पन्न मानू. वाडीतल्या बाईच्या सव्वा लाखाच्या विक्रीला हाच नियम लावला, तर तिचे उत्पन्न ७,५०० रुपये भरते. व्यापाऱ्याला कर लावताना जी समज दाखवली जाते, तीच दिव्यांग बाईला मदत देताना दाखवावी, इतकेच मागणे आहे. सहा टक्के हाच आकडा असावा असा माझा हट्ट नाही. स्वतः बनवलेल्या वस्तूत मेहनतीचा वाटा जास्त असतो, तिथे वीस-पंचवीस टक्के धरले तरी चालेल. पण काहीतरी लेखी प्रमाण हवे.

असे प्रमाण नसले की काय होते, ते शेजारच्या राज्यात दिसले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात व्यावसायिक कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत कित्येक दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले आणि फक्त रोख घेऊ अशा पाट्या लागल्या. ती माणसे रोखीकडे वळू शकली, कारण गिऱ्हाईक त्यांच्या दारात उभे होते. आमच्या व्हीलचेअरवरच्या मुलाचे गिऱ्हाईक नाशिकला असते. त्याला रोखीचा रस्ता नाही. तो फक्त दुकान बंद करू शकतो.

आणखी एक विसंगती नजरेस आणतो. महिन्याला दीड हजार देणाऱ्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दिव्यांगांना फिरत्या दुकानासाठी ई-वाहन देण्याची योजना राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळातर्फे राबवली जाते, तिचीही मर्यादा अडीच लाख. अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,०००. म्हणजे पेण शहरातल्या घराला एक रेषा, दोन किलोमीटरवरच्या गावाला दुसरी. आणि दिव्यांग अनुदानाला तिसरीच. ज्या दिव्यांगाला सरकार व्यवसायासाठी गाडी देते, त्याने त्या गाडीवर खरोखरच व्यवसाय केला तर त्याच सरकारचे अनुदान त्याला सोडावे लागेल. दोन्ही योजना चांगल्या हेतूने आखलेल्या आहेत, पण एकमेकींशी बोललेल्या नाहीत. महाराष्ट्रात आता दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. संजय गांधी योजना मात्र आपल्या विशेष सहाय्य विभागाकडे. दोन्ही विभागांनी एकत्र बसून हा एक विषय सोडवला, तर फार मोठे काम होईल.

कायदाही याच बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १९ मध्ये स्वयंरोजगाराला मदत करणे आणि दिव्यांगांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीची सोय करणे हे सरकारचे काम म्हणून सांगितले आहे. कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षा आहे आणि तिथेच अशीही तरतूद आहे की दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. ऑक्टोबरच्या वाढीने ही अट पाळली गेली. कलम १९ आणि कलम २४ एकाच माणसासाठी लिहिलेली आहेत. त्याने एक स्वीकारले की दुसरे सोडावे, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण बँकेच्या केवायसीचे होते. पण बँकेपर्यंत पोहोचलेल्या माणसाला खाते वापरायचीच भीती वाटत असेल, तर तो हक्क अर्धाच राहिला.

दुसऱ्या देशांत हा प्रश्न आधी आला आणि त्यांनी वाटा काढल्या. अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठी जी पूरक उत्पन्न योजना आहे, तिच्यात महिन्याच्या कमाईतले पहिले ६५ डॉलर मोजतच नाहीत आणि त्यापुढच्या कमाईचा निम्मा भागच मोजतात. स्वतःचा धंदा असेल तर विक्री नाही, खर्च जाऊन उरलेले पाहतात. कमाई वाढत जाते तसे अनुदान हळूहळू उतरते, एकदम तुटत नाही. काम सुटले तर पाच वर्षांच्या आत नवा अर्ज न करता अनुदान पुन्हा सुरू करून मागता येते. त्या योजनेतही दोष आहेत. बचतीची मर्यादा अवघी २,००० डॉलर आहे आणि तिच्याविरुद्ध तिथले दिव्यांग वर्षानुवर्षे झगडत आहेत. ब्रिटनमध्ये अपंगत्वाच्या वाढीव खर्चासाठी मिळणारी रक्कम तर कमाईशी जोडलेलीच नाही. माणूस नोकरीत असो वा नसो, अपंगत्वाचा खर्च आहेच, हे त्यांनी मान्य केले आहे. आपल्याकडे त्यांच्याइतका पैसा नाही, हे मला कळते. पण कमाईचा काही भाग न मोजण्याला फारसा पैसा लागत नाही. आज जे लोक भीतीने काम करत नाहीत किंवा दुसऱ्याच्या नावावर करतात, त्यांचे अनुदान तसेही चालूच आहे.

गैरफायदा घेणारे निघतील, हा आक्षेप मला माहीत आहे. खोट्या अपंगत्व प्रमाणपत्रांविरुद्ध कारवाई झालीच पाहिजे आणि त्यात कुणालाही सूट नको. खोट्या प्रमाणपत्राने सर्वांत आधी खऱ्या दिव्यांगाचे नुकसान होते. मोठे दुकान, दोन गाड्या, भाड्याने दिलेली खोली असलेल्या घराला अनुदान नको, हेही मान्य. पण त्यासाठी लपवून ठेवलेली कमाई उघड व्हायला हवी, आणि ती उघड व्हायची तर खरे सांगणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. आज खरे सांगणाऱ्याचेच अनुदान जाते. चुलतभावाच्या खात्यामागे लपलेला माणूस आपल्या नोंदीत कधीच येणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. पहिले काम परिपत्रकाचे. त्याला कायदा बदलावा लागणार नाही. दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या विक्रीतले उत्पन्न धरताना खात्यात जमा झालेली रक्कम न धरता वर्षभराचा खर्च वजा करून उरलेली रक्कम धरावी, आणि हिशोब नसेल तर विक्रीच्या ठरावीक टक्केवारीने धरावी, असे तहसीलदार आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. गटाचे पैसे एकीच्या खात्यावर येत असतील, तर गटाच्या सदस्यांच्या सह्यांची वही पुरावा म्हणून घ्यावी. एक पानी हिशोबाचा सोपा नमुना अर्जासोबतच द्यावा. त्यावर ग्रामपंचायतीची किंवा उमेद अभियानातल्या ग्रामसंघाची सही चालावी. दुसरे काम मर्यादेचे. निदान दिव्यांगांसाठी ती अडीच लाखांवर न्यावी. ते आज शक्य नसेल, तर कुटुंबाचे उत्पन्न मोजताना दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या श्रमाच्या कमाईतले पहिले काही हजार बाजूला ठेवावेत आणि पुढचे निम्मे मोजावेत. मर्यादा ओलांडली तरी अनुदान एका झटक्यात बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करावे. आणि ज्याचे बंद झाले, त्याचा धंदा बसला तर दिव्यांग ओळखपत्राच्या (यूडीआयडी) क्रमांकावरून ते पुन्हा सुरू करण्याची सोय असावी. नव्याने उत्पन्नाचा दाखला, नव्याने अनुदान मंजूर करणाऱ्या तालुका समितीची बैठक, नव्याने महिनोन्‌महिने वाट पाहणे, हे कुणालाही धाडसाने काम सुरू करू देत नाही.

कोणाचेही अनुदान थांबवण्याआधी त्याला लेखी नोटीस मिळावी, आपली वही दाखवून म्हणणे मांडता यावे, एवढे तर आजच्या आज करता येईल. तालुका समितीसमोर येणाऱ्याला ऐकू येत नसेल, तर खुणांची भाषा जाणणारा माणूस त्या दिवशी बोलवावे. आमच्या भागातल्या विशेष शाळांतले शिक्षक त्यासाठी मदतीला येतील, अशी मला खात्री आहे.

दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात लाभार्थी हयातीचा दाखला द्यायला येतात. त्याच सुमारास पापडांचा हंगाम सुरू होतो आणि कारखान्यांत पुढच्या गणपतींची माती कालवली जाते. परिपत्रक त्याआधी निघाले, तर ज्यांनी ऑर्डर घेणे सोडले आहे त्यांना या हंगामातच पुन्हा सुरू करता येईल. त्याची प्रत पेण आणि रोह्याच्या तहसील कार्यालयांत संजय गांधी शाखेच्या दारावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायची व्यवस्था व्हावी. दृष्टिहीनांसाठी तोच मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करून दिला, तर तो व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचवायचे काम मी आणि माझे सहकारी आनंदाने करू. वाडीतल्या त्या बाईची वही मी आपल्याला दाखवायला आणू शकतो. तिची परवानगी मी घेतली आहे.

आपला नम्र,
पेण तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक